वाकड्या शिवणीचं भूत

१

मास्तरांनी दुकानाच्या शटरचं पहिलं कुलूप काढलं, दुसऱ्याला किल्ली लावली आणि आतून आवाज आला. खड् खड् खड्. मग क्षणभर बंद. मग पुन्हा खड् खड्.

शिलाईच्या पायमशीनचा आवाज. ज्याचं उभं आयुष्य कपडे बेतण्यात गेलं त्याला तो ओळखायला कितीसा वेळ लागणार? मास्तरांचा हात किल्लीवरच राहिला. दुकान दुपारी बंद असतं. चाव्या त्यांच्या खिशात होत्या. आत कुणी असायचं कारण नव्हतं.

दुसरं कुलूप जुनं आणि हट्टी होतं. ते निघून शटर वर जाईपर्यंत आवाज थांबला होता. आत मोटारीची दोन मशीनं आपापल्या झाकणाखाली गप्प होती. कोपऱ्यातल्या जुन्या पायमशीनवर मात्र एक चिंधी सुईखाली अडकलेली होती. मास्तरांनी धीर करून स्टुलावर हात ठेवला. स्टूल कोमट होतं.

मग त्यांचं लक्ष टेबलामागच्या खिळ्याकडे गेलं. तिथे वर्षानुवर्षं टांगलेली मोठी कात्री नाहीशी झाली होती. ती कात्री थोरल्या मालकांची. थोरले मालक वारून वर्ष उलटून गेलं होतं.

"बाबाच आले होते," थोरल्यांच्या सूनबाई जिन्याच्या दारातून म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

त्या भागात अशी काही भानगड झाली की लोक पोलिसांकडे जात नसत, कारण पोलीस हसत. लोक वाचनालयात जात. तिथे मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये, अनाकलनीय घटना चौकशी मंडळाची बैठक असे. पाटीवर नाव हेच होतं, पण सगळे त्याला भूतमंडळ म्हणत. फी नाही, चहा चालेल, असा खाक्या. आजवर त्यांनी माळ्यावर रडणारं मूल पकडलं होतं, ती पाइपातली हवा निघाली. भिंतीतली कुजबुज पकडली होती, तो शेजाऱ्याचा रेडिओ निघाला. खरं भूत अजून एकही भेटलं नव्हतं, आणि मंडळातल्या वायरमनला त्याचं मनापासून वाईट वाटायचं.

मंडळात माणसं तीनच. सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्स, या प्रमुख. वायरमन हा तारा, पाइप आणि शिड्या बघणारा. आणि ग्रंथपाल. ग्रंथपालांनाही निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण नव्या ग्रंथपालबाईंना कुणी ग्रंथपाल म्हणत नसे आणि यांना म्हणायचं कुणी सोडत नसे, याचा त्यांना फार संकोच वाटे. तसा त्यांना बहुतेक गोष्टींचा संकोच वाटे. मंडळात आपला उपयोग काय, हे कोडं त्यांना दर बैठकीला पडत असे.

मंडळाचे नियम तीन. हसायचं नाही. 'भास झाला असेल' म्हणायचं नाही. आणि माणसाच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. 'मग काय झालं?' एवढंच विचारायचं. हा तिसरा नियम खास ग्रंथपालांसाठी केलेला होता. समोरचा माणूस गप्प बसला की त्यांना घाम फुटायचा, आणि ती शांतता ते पुस्तकात वाचलेल्या भुतांनी भरून काढायचे.

थोरल्यांचे चिरंजीव, म्हणजे धाकटे मालक, स्वतः सांगायला आले. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"स्टूल कोमट होतं?"

"मास्तर तरी तसं म्हणतात."

सिस्टरांनी पर्स उचलली आणि त्या ग्रंथपालांकडे वळल्या. "चला काका. या भुताला अंग आहे."

२

दुकान खाली, घर वर, मधे लाकडी जिना. जिन्याच्या पायथ्याशी दुकानात उघडणारं दार. त्याला कडी जिन्याच्या बाजूने. म्हणजे घरातून दुकानात येता येई, दुकानातून घरात जाता येत नसे. वायरमनने हे बघून घेतलं आणि मग टेबलाखाली शिरून तो मोटारींच्या वायरी तपासू लागला.

सिस्टरांनी मास्तरांना आधी घेतलं.

"आवाज गेले काही आठवडे येतोय," मास्तर म्हणाले. "शेजारचा चावीवालाही ऐकतो. सगळे म्हणतात थोरले मालक मशीनवर येऊन बसतात. बसोत बापडे. पण थोरल्या मालकांना मशीनवर बसलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. त्यांचं काम कापायचं."

"मग काय झालं?" सिस्टरांनी नियमाप्रमाणे विचारलं.

"मग काय व्हायचंय? कात्री गेली. आता मी शेजारच्याची कात्री मागून आणतो. या वयात."

सूनबाई दुपारी मुलीला शाळेतून आणायला जात, तिथूनच तिला शिकवणीला नेत. "मला विचाराल तर," त्या खाली बघत म्हणाल्या, "मावशी आल्यापासूनच हे सुरू झालंय. त्याआधी काही नव्हतं. मी कुणावर आळ घेत नाही. पण झालंय ते झालंय."

मावशी म्हणजे आजींना सांभाळायला ठेवलेल्या बाई. धाकट्या मालकांच्या आईला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेल्यासारखीच झाली, तेव्हापासून आजी वरच्या खोलीत पडून होत्या. मावशी सकाळी येत, आजींचं सगळं करत, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करून घेत. दुपारी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना जेवायला घालायला घरी जात, संध्याकाळच्या आत परत येत.

"मग काय झालं?" सिस्टरांनी त्यांना विचारलं.

"काही नाही झालं. मी घरी होते."

"वडिलांशिवाय कुणी पाहिलं?"

"वडिलांनीही नाही पाहिलं. त्यांना दिसत नाही." मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

ग्रंथपालांना राहवलं नाही. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. मावशी मात्र पहिल्यांदा थेट बघून बोलल्या. "कशाला वाटेल? त्याने कुणाचं काय वाईट केलंय?"

धाकटे मालक स्वतः दुपारी वरच झोपलेले असत. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांच्या घोरण्यापुढे कुणाला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, असं मास्तर हळूच म्हणाले.

"हे बघा," धाकटे मालक सिस्टरांना म्हणाले, "आईला यातलं काही कळता कामा नये. भुताचं नाही, आणि कात्रीचं तर मुळीच नाही. बाबांची आठवण होती ती. भूत असेल तर तुम्ही बघा. माणूस असेल तर मला माणूस कोण ते दिसतंच आहे. रविवारपर्यंत थांबतो. मग मावशींना निरोप आणि ते मशीन भंगारात."

चोरीचा आळ येऊन एका घरातून निघालेल्या बाईला दुसऱ्या घरात कोण ठेवणार, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मावशींनाही.

"काका, तुम्ही जरा वर आजींजवळ बसा," सिस्टर म्हणाल्या. ग्रंथपालांना याचा अर्थ बरोबर कळला. तिथे तुमच्या बोलण्याने बिघडण्यासारखं काही नाही, असा तो अर्थ होता.

३

आजी उशीला टेकून होत्या. त्या बोलत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या, आणि तेही ग्रंथपालांच्या तोंडाकडे नाही, तर कोटाच्या बाहीकडे. बाहीचं अस्तर कधीचं उसवून बाहेर लोंबत होतं. ग्रंथपालांनी हात पाठीमागे नेला. आजींची बोटं पांघरुणावर काहीतरी चिमटीत धरून सोडत होती, धरून सोडत होती.

"बरं आहे ना?" ग्रंथपालांनी विचारलं.

उत्तर नाही.

"हवा बरी आहे आज."

शेजारच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. ग्रंथपालांना घाम फुटला. आणि मग व्हायचं ते झालं. कात्रीचं नाव तेवढं निघालं नाही, पण खाली कसले आवाज येतात, कोण येतं म्हणतात, इथपासून सुरुवात करून ते एका जुन्या पुस्तकातल्या भुतापर्यंत पोहोचले. "त्या भुताची म्हणे खूणच होती. ते येऊन गेलं की खोलीतली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असायची. तुमच्याकडे असं काही...?"

बोलता बोलता त्यांनी जीभ चावली. आजींच्या घशातून कसलासा आवाज आला. ठसका लागला असेल म्हणून त्यांनी "पाणी, पाणी" केलं, तर मावशी पेला घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी आजींना पाणी पाजलं, पांघरूण सारखं केलं आणि त्याच्या काठावरची एक बारीक निळी रेघ अंगठ्याने पुसून टाकली.

खाली जाताना ग्रंथपालांनी ठरवलं, हे सिस्टरांना सांगायचं नाही. निदान आज नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद झाल्यावर वायरमनने शटरला आतून एक कागदी पट्टी चिकटवली, जिन्याच्या दारातून तो घरात आला आणि मागच्या बाजूने बाहेर पडला. शटर कुणी उघडलं तर पट्टी फाटणार होती.

त्याच दिवशी चार वाजता मंडळ घरातूनच दुकानात उतरलं. पट्टी जशीच्या तशी होती. पायमशीनवर नवी चिंधी होती.

टेबलाशेजारची थोरल्या मालकांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

सूनबाईंनी मुलीला पोटाशी धरलं. वायरमनचा चेहरा उजळला, मग आपण उजळायला नको होतं हे लक्षात येऊन पडला. ग्रंथपाल मात्र कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. इतकी वर्षं ते भुतांविषयी वाचत आले होते आणि भूत नसतं याविषयी त्यांना कधी शंका आली नव्हती. आता आली. ते पुस्तक वाचनालयातून त्यांच्याशिवाय कुणी नेलेलं नव्हतं. त्या भुताला हे सांगितलं कुणी?

सांगितलं कुणी, या प्रश्नाशी ते थांबले, आणि भीती ओसरून तिच्या जागी निराळंच काहीतरी आलं. सांगितलं त्यांनीच होतं.

त्यांनी सिस्टरांना बाजूला घेतलं आणि अडखळत सगळं सांगितलं. सिस्टर रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

"कुणाला बोललात?"

"फक्त आजींना."

"खोलीत आणखी कोण होतं?"

ग्रंथपाल गप्प राहिले. या वेळी शांतता भरून काढायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

"काका."

"मावशी. दारात. पाण्याचा पेला घेऊन."

"मग झालं," सिस्टर हळूच म्हणाल्या. "माझी इच्छा नव्हती हो तीच निघावी अशी."

मागे जिन्याचं दार कुरकुरलं. धाकटे मालक तिथे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आता रविवारची वाट कशाला बघायची?" ते म्हणाले. "उद्या चार वाजता सगळे इथे या. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल वायरमनच्या दारात उभे राहिले. आपण होऊन ते कुणाकडे कधी जात नसत, त्यामुळे वायरमनला आधी वाटलं की कुणीतरी गेलं.

"माझ्याबरोबर दुकानात येता का? एकट्याने जायचं म्हणजे मला..."

"भीती वाटते?"

"लाज वाटते."

वाटेत त्यांनी मनातलं सांगून टाकलं. मावशींचं सगळं जुळत होतं, पण एक जुळत नव्हतं. माणसांना घाबरवायचं असेल तर मशीन नुसतं चालवलं तरी पुरतं. मग सुईखाली चिंधी कशाला?

मास्तर दुकानात एकटेच होते. ग्रंथपालांनी पायमशीनखालची चिंध्यांची टोपली मागितली.

"न्या. मी तिला हात लावलेला नाही. कुणीच लावत नाही आता त्या कोपऱ्यात."

"कुणीच ओतली नाही? कधीपासून?"

"आवाज सुरू झाले तेव्हापासून."

ग्रंथपालांनी टोपली कापायच्या टेबलावर नेली. उभं आयुष्य त्यांनी वस्तू ओळीने लावण्यात घालवलं होतं, तेवढं एक त्यांना येत होतं. वरच्या चिंध्या त्यांनी उजवीकडे ठेवल्या, त्यांच्याखालच्या त्यांच्या डावीकडे, असं करत करत टोपलीचा तळ टेबलाच्या डाव्या टोकाला आला. मग ते मागे सरले.

प्रत्येक चिंधीवर निळ्या खडूने एक सरळ रेघ मारलेली होती, आणि त्या रेघेवरून मशीनने टीप घालायचा प्रयत्न केलेला होता. तळातल्या चिंधीवर टीप रेघ सोडून भलतीकडेच गेली होती, मधे तुटत, मधे गाठी होत. तिच्या शेजारच्यांवर ती रेघेभोवती गोगलगायीसारखी फिरत होती. मग हळूहळू रेघेजवळ येऊ लागली. तुकडे लांब होऊ लागले. उजवीकडच्या शेवटच्या चिंध्यांवर टीप रेघेवरून जवळजवळ नीट चालत होती. फक्त शेवटाला थोडी कलत होती.

"हे काय?" वायरमनने विचारलं.

"मावशींना घाबरवायचं असतं तर टीप सरळ येवो न येवो, त्यांना काय त्याचं? आणि थोरले मालक असते तर पहिल्या दिवसापासून सरळ आली असती." ग्रंथपालांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला. "हे भूत शिकतंय हो."

वायरमन मशीनवर जाऊन बसला. त्याने पायडल हलवून पाहिलं, चाक उलटं फिरलं, पुन्हा प्रयत्न केला. "सोपं नाहीये. दोन्ही पाय लागतात, आणि हातही."

ग्रंथपाल निळ्या रेघांकडे बघत होते. अशीच एक निळी रेघ परवा कुठेतरी पाहिली होती. ती कुणीतरी अंगठ्याने पुसली होती. आणि कुणाची तरी बोटं काहीतरी चिमटीत धरून सोडत होती.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "परवा तुम्ही म्हणालात, थोरले मालक मशीनवर कधी बसले नाहीत."

"नाहीच. ते कापायचे."

"मग या मशीनवर कोण बसायचं?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या नियमात तो प्रश्न बसत नव्हता. मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. मग हातातला खडू खाली ठेवून त्यांनी वर, छताकडे पाहिलं.

५

त्या दिवशी मावशी घरी जायला निघाल्या तेव्हा ग्रंथपाल जिना चढत होते. दोघं मधल्या पायरीवर एकमेकांना वाट द्यायला थांबले.

"मावशी, तुम्हाला माहीत आहे ना?"

"काय?"

"भूत कोण ते."

मावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला काही सांगायचं नाही."

"तुमचं काम जातंय. नाव जातंय."

"माझं नाव आहे तसंच आहे. ज्याची गोष्ट त्याने सांगावी, मी का सांगू? मला सांगू नकोस म्हणून कुणी म्हटलेलं नाही. पण मला दिसलं, आणि मी दिसू दिलं नाही. त्यात सगळं आलं." त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "काका, तुम्हीही नका सांगू."

ग्रंथपाल वर गेले. आजी उशीला टेकून होत्या. शेजारच्या खोलीतून धाकट्या मालकांचं घोरणं येत होतं, करवतीसारखं. ग्रंथपाल स्टुलावर बसले, त्यांनी बाहीचं अस्तर आत कोंबलं, आणि या खेपेला एकाही पुस्तकाचा आधार न घेता बोलले.

"आजी, परवा मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही. ती सांगायची नाही असं घरात ठरलंय. मोठी कात्री खिळ्यावरून गेली आहे. मावशींनी नेली असं सगळ्यांना वाटतं. खुर्चीही त्यांनीच फिरवली असं वाटतं, आणि ते माझ्या बोलण्यामुळे वाटतं. आज चार वाजता त्यांना सगळ्यांसमोर घालवणार आहेत. त्या काही बोलणार नाहीत. मी विचारून आलोय."

आजींची बोटं थांबली.

"मला जे वाटतं ते मीही कुणाला सांगणार नाही. मला वाटतं ते नेहमी बरोबर असतं असं नाही. पुष्कळदा चूकच असतं." ते उठले. "चार वाजता. खाली."

आजींनी डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

ग्रंथपाल जिना उतरले तेव्हा त्यांची खात्री झाली होती की आपण पुन्हा एकदा नको तिथे नको ते बोललो. त्या खोलीत एक आजारी बाई होती, आणि आपण तिला तिच्या नवऱ्याची वस्तू चोरीला गेल्याचं सांगून आलो होतो.

६

चार वाजता सगळे दुकानात होते. मास्तर टेबलामागे, सूनबाई दाराशी मुलीला घेऊन, मावशी शटरजवळ पिशवी हातात धरून. सिस्टरांनी धाकट्या मालकांना थांबवलं. "आमच्या काकांना आधी काही बोलायचंय."

ग्रंथपालांनी चिंध्या पुन्हा ओळीने लावल्या होत्या. बोलताना ते त्यांच्याकडेच बघत राहिले, माणसांकडे बघायचं धाडस नव्हतं.

"शटर उघडलेलं नाही. म्हणजे जो कोणी आहे तो जिन्याने उतरतो. खुर्चीची गोष्ट मी वरच्या खोलीत बोललो. म्हणजे ती त्या खोलीतून खाली आली. इथवर मावशींवर येतं, मला मान्य आहे. पण या टिपा बघा. तळातल्या चिंधीपासून. ही टीप ज्याला कधी येत नव्हती अशा माणसाची नाही. खडूची रेघ बघा, खालपासून वरपर्यंत सरळ, सराईत. डोळ्याला सगळं येतंय, हाताला येत नाही. पाय थकतो म्हणून टीप मधेच तुटते. मग कमी तुटते. मग तुटत नाही." ते थांबले. "सूनबाई म्हणाल्या ते बरोबर आहे. मावशी आल्यापासूनच हे सुरू झालं. त्यांच्यामुळेच सुरू झालं. रोज व्यायाम त्याच घेतात."

सिस्टरांनी हळूच तोंडावर हात ठेवला. नर्स असून त्यांना हे दिसलं नव्हतं.

"काय म्हणायचंय तुम्हाला?" धाकटे मालक म्हणाले. "मग कोण आहे?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हालाच माहीत नाही."

"तसंही असेल."

"पुरे झालं." धाकटे मालक मावशींकडे वळले, पण त्यांच्या आवाजात आता पहिला जोर नव्हता. "मावशी, कात्री कुठे आहे ते सांगा आणि..."

"मला काही सांगायचं नाही, दादा." मावशींनी पिशवी खांद्याला लावली. "आजींना रात्री उजव्या कुशीवर झोपवू नका. तेवढं लक्षात ठेवा." आणि त्या शटरबाहेर पाऊल टाकणार एवढ्यात जिन्यावर आवाज झाला.

धप्. मग काहीतरी घासलं. मग धप्.

सूनबाईंनी मुलीला मागे ओढलं. आवाज एकेक पायरी खाली येत होता, सावकाश, मधे थांबून श्वास घेत. कडी सरकली. दार उघडलं.

दारात आजी उभ्या होत्या. डावा हात चौकटीवर, उजव्या हातात मोठी कात्री.

"ती नाही," आजी म्हणाल्या. एकेक शब्द त्यांना ओढून आणावा लागत होता. "मी. भूत."

धाकटे मालक पुढे धावले. आजींनी कात्रीनेच त्यांना थांबवलं. "सोड. येतं मला."

कात्रीची पाती त्यांनी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. सिस्टरांना समजलं. ती जड कात्री उघडमीट करून आजींनी आपली बोटं सोडवली होती. शटरची किल्ली वाजली त्या दिवशी ती हातातच राहिली, आणि मग परत ठेवायला जमलं नाही. पुढे ठेवावीशी वाटली नाही. ती उशीखाली होती.

"आई, तू जिना उतरत होतीस? रोज? आणि मी शेजारच्या खोलीत..."

"घोरत होतास. म्हणून जमलं."

मास्तरांना हसू आवरलं नाही, आणि मग ते डोळे पुसू लागले.

"पण सांगितलं का नाहीस?"

आजी टेबलापर्यंत आल्या. त्यांनी ओळीतली डावीकडची, तळातली चिंधी उचलली आणि मुलासमोर धरली. "ही दाखवू? कुणाला दाखवू?" त्यांची मान हलली. "सरळ आली की सांगणार होते."

सूनबाई मावशींजवळ गेल्या. काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी मावशींच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि आत, खुंटीवर, नेहमीच्या जागी अडकवली. मावशी म्हणाल्या, "आजींना आधी बसवा. पाय थरथरताहेत." आणि मग त्यांनीच आजींना बसवलं, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. धाकटे मालक नुसते उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी थोरल्या मालकांची खुर्ची भिंतीकडून वळवून मशीनजवळ आणली आणि आईपाशी बसले.

"खुर्ची कशाला फिरवलीत हो?" वायरमनने विचारलं. त्याला ते विचारल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं.

आजींनी ग्रंथपालांकडे बोट केलं. "ह्यांनी... सुचवलं." घशातून परवाचाच आवाज आला, आणि ठसका नव्हता तो, हे ग्रंथपालांना आत्ता कळलं. मग आजींचं बोट त्यांच्या बाहीवर स्थिरावलं. "कोट."

"नको, असू दे. जुनाच आहे."

"काढा."

ग्रंथपालांनी कोट काढला. आजींनी अस्तर बाहेर ओढलं, दुमडलं, सुईखाली धरलं. खड् खड् खड्. क्षणभर बंद. खड् खड्. सगळे बघत होते. शेवटी धागा त्यांनी मोठ्या कात्रीनेच कापला. मग टीप डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"शेवटाला कलली. उद्या आणा. उसवून पुन्हा घालते."

"आणतो," ग्रंथपाल म्हणाले.

ते आणणार नव्हते. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाताना त्यांनी दुकानाची गल्ली टाळली आणि चावीवाल्याच्या मागून जाणारा लांबचा रस्ता धरला. तिसऱ्या दिवशीही धरला. एकदा मात्र विसरून ते गल्लीतून गेले, तर शटर उघडं होतं, कोपऱ्यातलं मशीन चालत होतं, आणि आतून हाक आली, पहिल्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट.

"अहो, तो कोट."

ग्रंथपालांनी कललेल्या टिपेची ती बाही छातीशी धरली आणि या वयात शोभणार नाही इतक्या भरभर कोपऱ्यावरून वळले.